क्विंटलच्या आत

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

माफी. मागची नोंद सप्टेंबरातली आहे आणि तीही अर्धवट : 'उद्यापासून भात बंद, कारण'. कारण काय होतं ते आता आठवत नाही. भात चालू आहे.

आज लिहायला बसलो ते परवाच्या गोष्टीमुळे. रागात काही वाढवून लिहिलं जाऊ नये म्हणून दोन दिवस थांबलो.

महिनाभर तळपायांना मुंग्या येतात, म्हणून शनिवारी हिंगोलीला एका डॉक्टरांकडे गेलो. पाय दाखवायचे म्हणून मुद्दाम नवे मोजे घातले होते. कंपाउंडरने आधी वजनाच्या काट्यावर उभं केलं. काटा एकशेवीसचा. सुई सरसर गेली आणि शेवटच्या रेघेला टेकली. तो तिथूनच आत ओरडला, सर, काटा संपला! आतून आवाज आला, बाळापूरच्या मोंढ्यातलेच आहेत ना ते? तिकडंच पोत्यांच्या काट्यावर जोखून आणा म्हणावं. बाकावरचे पंधरा-वीस जण हसले. मीही हसलो. खरं लिहायचं तर सगळ्यांत आधी मीच हसलो. का हसलो, ते अजून कळलेलं नाही.

मग बीपीचा पट्टा. दंडाला पुरेना, दोनदा चर्रकन सुटला. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, जास्तच असणार. मी मुंग्यांचं सांगितलं. ते म्हणाले, एवढा माल वाहतात ते पाय, मुंग्या येणार नाहीत तर काय होणार? वजन कमी करा, सगळं जाईल. कागदावरही तेवढंच लिहून दिलं. टेबलाखाली पाहिलं नाही. मोजे पायातच राहिले.

डॉक्टरांचं चुकलं असं म्हणवत नाही. वजन आहेच. त्यांनी ते केलेलं नाही, मी केलेलं आहे.

संकल्प : शंभर किलोच्या, म्हणजे एका क्विंटलच्या आत आल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरच्या दारात जायचं नाही. जाईन तेव्हा ताठ मानेने जाईन. सही : प्रेमानंद, वय ४६, बी.कॉम.

बायकोला सांगितलेलं नाही. मिना लगेच उपाय सुरू करते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, सकाळी ७

मोंढा उघडायच्या आत आमच्याच काट्यावर वजन केलं. बाजार समितीत बावीस वर्षं मी वजनाच्या नोंदी ठेवतो, आणि स्वतः काट्यावर आज पहिल्यांदा चढलो. साक्षीला फक्त कोंडीबा मापाडी. त्याला शपथ घातली.

१२१.३००.

कोंडीबा म्हणाला, सायेब, कडता तर कापा! हळदीच्या पोत्यावर बारदानाचं, मातीचं, ओलाव्याचं म्हणून व्यापारी किलो-दोन किलो वजा मागतात, तो कडता. मी आजवर कोणाला नियमाबाहेर एक किलो कापू दिलेला नाही. शेतकरी मला बिनकडत्याचे साहेब म्हणतात. (पाठीमागे क्विंटलसाहेब म्हणतात, तेही ठाऊक आहे.) म्हणून आधी साफ नाही म्हटलं. मग विचार केला : कपडे म्हणजे बारदानच की. पोत्याचं वजन मालात धरणं हाही अन्यायच.

कपडे १.२. चप्पल, चाव्या, पाकीट ०.९. रात्रीचं जेवण अजून उतरलेलं नाही, ०.८ (हा ओलावा). एकूण कडता २.९. निव्वळ ११८.४.

पहिल्याच दिवशी जवळजवळ तीन किलोंची घट. सुरुवात चांगली आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

योजना. सकाळी पाच किलोमीटर चालणे. एक भाकरी. भात नाही. चहा बिनसाखरेचा. चालण्यासाठी बूट घेतले. घरी प्रश्न नकोत म्हणून ते ऑफिसात, हळदीच्या नमुन्यांच्या फळीवर ठेवले आहेत.

चाललो : मोंढ्याच्या फाटकापर्यंत. तिथे कुत्री होती.

रविवार, २ मार्च

मिनाच्या भावाकडे, जिल्ह्यातल्याच गोरेगावला साखरपुडा. पुऱ्या नऊ. जिलेबी मोजली नाही. न मोजलेल्या गोष्टीबद्दल खोटं लिहिणार नाही, म्हणून आकडा देत नाही.

पंगतीत एक म्हातारे गृहस्थ वाढप्याला म्हणाले, पाव्हण्यायला दोन ताटं लावा रे. सगळे हसले. मी यावेळी दुसरा हसलो. ही सुधारणा आहे.

गुरुवार, २० मार्च

कमालीची गोष्ट. काट्यावर ११७.९ आणि अजून कडता कापायचा आहे! कोंडीबाने डोळे चोळून पाहिलं. म्हणाला, सायेब, तुमी करून काय राहिले?

काय करतोय, याचा प्रामाणिक शोध घेतला. चालणं तीन वेळा झालं. भात बंद नाही. चहात साखर आहे. तरी उतरलं. म्हणजे काम संकल्पाने केलं. शरीराला मनाचं ऐकावं लागतं, आपण नीट सांगत नाही एवढंच.

सोमवार, ७ एप्रिल

११४.२.

पाणी फार पितो. दिवसाला चार-पाच तांबे सहज होतात, तरी घसा कोरडाच. भरपूर पाणी प्यावं असं सगळेच सांगतात. मला सांगावं लागलं नाही, आपोआप होतंय. रात्री चार वेळा उठतो. ते चालण्यात धरता येईल का, याचा विचार करतोय.

मिना म्हणाली, तुमी पाणी पिऊन राहिले का हौद खाली करून राहिले? तिची दुसरी तक्रार : मोरीत मुंग्यांची रांग लागते, फिनेल टाकलं तरी जात नाही. मी म्हटलं, उन्हाळा आहे, मुंग्या निघतातच. गंमत म्हणजे पायातल्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या. आता पायाला काहीच वाटत नाही. डॉक्टर बरोबरच होते : वजन उतरलं, मुंग्या गेल्या. त्यांच्याबद्दल मनात जे होतं ते मागे घेतो.

सोमवार, १४ एप्रिल, रात्री

जयंती. आयुष्यात पहिल्यांदा मिरवणुकीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाललो. दरवर्षी मी चौकात खुर्ची टाकून पाणीवाटपाला बसतो, कारण चालताना पोरं मागून डीजेच्या तालावर माझी चाल करून दाखवतात. यंदा पांढरा शर्ट, नवे बूट, आणि साडेतीन तास. मिना माड्यांवरच्या बायकांत उभी होती. तिने मला पाहिलं, आणि शेजारणीला कोपराने ढोसून दाखवलं. एवढ्याने माझं वर्ष भागलं.

घरी येऊन बूट काढला तर आतून हळकुंडाचा तुकडा निघाला, बोराएवढा. फळीवरच्या नमुन्यातला पडला असणार. साडेतीन तास त्यावर चाललो आणि कळलंही नाही! करंगळीखाली कातडं गेलंय, मोजा ओला आहे. दुखत मात्र नाही. मन एकाग्र झालं की देह विसरतो म्हणतात, ते हेच.

शनिवार, १९ एप्रिल

जखमेला हळद लावतो आहे. हळदीने झालेली जखम हळदच भरणार. जिल्ह्यातली उत्तम हळद माझ्या टेबलावर येते, तेव्हा मलमावर खर्च करणं मूर्खपणाचं. सगळं पिवळं असल्यामुळे खाली काय चाललंय ते दिसत नाही, पण दुखत नाही, यावरून भरत आली असावी.

शुक्रवार, २ मे

लग्नात हिंगोलीचे ते डॉक्टर भेटले. मी खांबामागे जायला लागलो, पण त्यांनीच हाक मारली. म्हणाले, अरे वा! ओळखलंच नाही. काय केलंत? आहे तसंच चालू द्या!

पायाचं सांगावं असं क्षणभर ओठांवर आलं होतं. पण ते कौतुक करत होते, आणि आजूबाजूचे ऐकत होते. अशा वेळी जखमेचं काढणं बरं दिसलं नसतं. शिवाय अजून एकशेदहा भरतो.

आज कोणाच्याही आधी हसावं लागलं नाही.

रविवार, ११ मे

काल चांगुणाबाई ऑफिसात आल्या. मोंढ्यात सांडलेली हळद झाडून गोळा करतात, पन्नाशीच्या आहेत, अंगाने माझ्यासारख्याच. चार पायऱ्या चढून आल्या तर धापा टाकत होत्या. म्हणाल्या, भाऊ, छातीवर दगड ठेवल्यावानी व्हतंय. दवाखान्यात गेले तर म्हणले, आधी वजन उतरव बाई, मग ये. तुमी कसं उतरवलं तेवढं सांगा मला.

मला आत्तापर्यंत कोणी सल्ला विचारलेला नाही. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि संकल्पाची पद्धत समजावली. आकडा ठरवायचा. तो येईपर्यंत दवाखान्याचं नाव काढायचं नाही, म्हणजे मनाला चाबूक बसतो. कोंडीबाने त्यांचं वजन केलं : ९६. लुगड्याचा कडता दीड किलो. ऐंशी ठरलं. जाताना पाया पडायला वाकल्या, त्यांना वाकवेना. मला ओशाळल्यासारखं झालं.

सल्ला देण्याचा मला अधिकार आहे का? विचार केला. आहे. माझं उतरलंय.

सोमवार, २६ मे

१०४.६.

पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. चष्म्यातून अक्षरं पसरतात. बहुधा नंबर कमी झाला, नवा चष्मा घ्यावा लागेल. दुपारनंतर टेबलावर डोकं ठेवावंसं वाटतं. ऊन आहे.

रात्री भांडण झालं. मी झोपलो समजून मिनाने पायाचं फडकं सोडलं आणि दिवा जवळ आणला. म्हणाली, ही जखम न्हाई, हे भोक हाय. काहून लपवलं? उद्याच्या उद्या चला.

मी संकल्प सांगितला. पहिल्यांदाच सांगितला, हिंगोली, बाक, सुई, सगळं. तिने दिवा खाली ठेवला. मग म्हणाली, त्यो काटा एकशेवीसचा व्हता न्हवं? आन् तुमी आता एकशेचार हाव. मग आता कशाची लाज?

हिशेब बरोबर होता. बी.कॉम. माणसाला सुचायला हवा होता. तरी जायला पाय निघत नाही. एकशेचारलाही कोणी काही म्हणू शकतो. नव्व्याण्णवला कोण काय म्हणणार?

तिला म्हटलं, फक्त पाच किलो राहिले, पंधरा दिवस दे. ती म्हणाली, मी लग्न करून आले तवा तुमी नव्वदचे व्हते, मला कुठं कमी पडलं न्हाई आन् आता कुठं जास्त झालं न्हाई. तुमाला ह्यो आकडा पायजे का पाय पायजे? आणि तोंड फिरवून झोपली.

झोपली नव्हती.

सोमवार, ९ जून

१०१.१. अंगात कणकण. पाऊल सुजल्यामुळे बूट जात नाही, सँडल घालतो.

आज ऑफिसात सगळ्यांना वास आला. कोंडीबा म्हणाला, सायेब, उंदीर मेला का कुठं? मी ताबडतोब थप्पीच्या मागची पोती हलवायला सांगितली. सहा हमाल तासभर पोती ओढत होते. मी टेबलाखाली पाय घेऊन बसलो आणि, तिकडं पाहा, त्या कोपऱ्यात पाहा, असं सांगत राहिलो.

उंदीर सापडला नाही.

हे लिहिताना हात थांबला होता. असं मी का केलं? त्या घामेजलेल्या माणसांना मी तासभर फसवलं. उद्या त्यांना चहा पाजणे.

मिना तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही, पण फडकं रोज उकळून ठेवते.

शुक्रवार, १३ जून, सकाळी ६.४०

९९.४००!

कडता नाही. कपड्यांसकट, चाव्यांसकट, जेवणासकट. मुद्दाम फडकंही काढलं नाही. बिनकडत्याचा, क्विंटलच्या आत.

कोंडीबाने टाळी वाजवली. उतरताना भोवळ आली, भिंत धरली. आनंदाने येते अशी कधीकधी. उद्या हिंगोली. नवे मोजे काढून ठेवले. डावा सुजेवर चढेल का ते पाहावं लागेल.

शनिवार, १४ जून

जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

डावा मोजा चढला नाही, त्या पायाला फडकंच ठेवून गेलो. मिना सोबत होती. दवाखान्यात मी कोणी सांगायच्या आतच काट्यावर चढलो. सुई नव्व्याण्णवच्या पुढे जरा थरथरली आणि थांबली. कंपाउंडर म्हणाला, काका, अर्धे झाले की! डॉक्टर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकावरच्या लोकांना म्हणाले, यांच्याकडे पाहून शिका. सगळ्यांनी पाहिलं. चार महिने मी या क्षणासाठी थांबलो होतो. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

मग मिना म्हणाली, आता पाय पाहा. तिने स्वतःच फडकं सोडलं. बाकावरची एक बाई नाकाला पदर लावून उठून गेली.

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. छोट्या यंत्रावर आकडा आला नाही. इंग्रजीत नुसतं 'हाय' आलं. मला वाटलं यंत्र नमस्कार करतंय, पण ते 'मापाच्या वर' असं सांगत होतं. मी म्हटलं, याचाही काटा संपला का? यावेळी कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

त्यांनी विचारलं, शुगर आधी कधी तपासली होती? मी म्हटलं, तपासायला कोणी सांगितलंच नाही. मिनाने फेब्रुवारीतला त्यांचाच कागद पुढे केला. तिने तो जपून ठेवला होता, मला माहीतही नव्हतं. त्यांनी तो वाचला. त्यावर एकच ओळ होती. घडी घालून परत दिला आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या.

मंगळवार, १७ जून, नांदेड, वॉर्ड

सलाईनचा हात उजवा आहे, म्हणून अक्षर वाकडं.

वजन माझ्या संकल्पाने उतरलं नव्हतं. साखर चढत गेली म्हणून उतरत होतं. पाणी, डोळे, भोवळ, मोरीतल्या मुंग्या, सगळं तेच. पायातल्या मुंग्या गेल्या म्हणजे पाय बरा झाला नव्हता, सुन्न झाला होता. इथल्या डॉक्टर मॅडमनी हे मला खुर्ची ओढून, बसून सांगितलं. चार महिन्यांपूर्वी एक तपासणी झाली असती तर गोळ्यांवर भागलं असतं, असंही म्हणाल्या. कोणावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बीपी घेताना त्यांनी माझ्या दंडाकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाल्या, मोठा कफ आण. पाणी आण म्हणावं तशा. नर्सने कपाटातून तो आणला, बांधला. सुटला नाही. असा पट्टा असतो. म्हणजे तो बनवतात, आणि कपाटात ठेवतात. मला एकदम रडू आलं. नर्सला वाटलं घट्ट झाला.

मॅडमनी विचारलं, जखम किती दिवसांची? मी म्हटलं, पंधरा दिवस. मिनाने माझ्याकडे पाहिलं फक्त. नऊ आठवड्यांतून सात आठवडे कडता. मॅडम फाइलमध्ये लिहायला लागल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, चौदा एप्रिल.

डाव्या पायाची दोन बोटं परवा काढायची. विष वर गेलं असेल तर आणखी वरून, ते ऑपरेशनच्या टेबलावर कळेल. दोन बोटं किती भरतील, असा विचार आलाच. बावीस वर्षांची सवय. लिहिणार नाही.

संध्याकाळी कोंडीबाचा फोन आला. मोंढ्यात सगळे विचारतात म्हणाला. हमाल विचारतात, ज्यांना मी चहा पाजलाच नाही. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, सायेब, तुमी लावलेलं झाड वाढून राहिलं बरं का. चांगुणाबाई अडीच किलो उतरली. दोन पायऱ्या चढली की बसते, पण खुश हाय लई. दवाखान्याचं नाव काढत न्हाई. म्हणते, सायेबांची आण हाय, ऐंशीच्या आत आल्याबिगर जाणार न्हाई.

मी म्हटलं, तिला फोन दे. तो म्हणाला, ती घरी गेली, आता सकाळी सातला भेटन, झाडायला येती तवा.

उद्या : सकाळी सात वाजता चांगुणाबाईंना फोन.